पडद्याआडून पडद्यावर

२०१० सालच्या जानेवारीतली गोष्ट. पुण्यातल्या एका शाळेच्या फाटकाबाहेर पहाटे साडेपाच वाजता मी माझ्या पुतणीबरोबर रांगेत उभा होतो. गाण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेची ऑडिशन होती. आदल्या रात्रीच्या एस.टी.नं आम्ही सांगलीहून निघालो होतो. वाटलं होतं, एवढ्या पहाटे कोण असणार! पाहतो तर आमच्यापुढे निदान चारपाचशे माणसं. कुणी लातूरहून आलेलं, कुणी चिपळूणहून, कुणी थेट नागपूरहून. कानटोप्या, शाली, थर्मास. एक मुलगा भिंतीकडे तोंड करून सरगम घोकत होता. एक आई मुलीला दर पंधरा मिनिटांनी गरम पाणी पाजत होती. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वर्षभरापूर्वीचे ‘लिटिल चॅम्प्स’ होते.

नऊच्या सुमाराला फाटक उघडलं. अर्ज भरून घेतले, छातीवर चिकटवायला नंबर दिले. अर्जात नाव, गाव, वय होतंच. पण त्यापुढे एक मोठी मोकळी जागा होती : ‘स्वतःबद्दल काही वेगळं सांगण्यासारखं.’ पुतणीनं तिथं लिहिलं, ‘दहा वर्षे शास्त्रीय संगीत शिकते.’ बाराच्या सुमाराला कॅमेरा घेऊन चारपाच जण बाहेर आले. त्यांनी रांगेतल्या सगळ्यांना हात वर करून एकदम ओरडायला सांगितलं. पहिल्यांदा जोर कमी पडला म्हणून पुन्हा ओरडायला लावलं, मग तिसऱ्यांदा. गायला आलेल्या पोरांनी त्या दिवशी पहिल्यांदा गळा उघडला तो असा.

आणि मला माझी ऑडिशन आठवली. १९७४ सालची. रेडिओची. तिथं रांग नव्हती, कॅमेरा नव्हता आणि माझं तोंडसुद्धा कुणाला पाहायचं नव्हतं.

या दोन दिवसांमध्ये छत्तीस वर्षांचं अंतर आहे. तेवढ्या काळात आपल्याकडे आवाजाची परीक्षा घ्यायची रीत मुळापासून बदलली. ती कशी बदलली, हे आज तुम्हाला सांगायचं आहे. कारण त्या रांगेत उभ्या असलेल्या बहुतेक मुलांना आपली परीक्षा नेमकी कशाची होणार आहे, हे ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. आणि त्याची किंमत पुतणीनं मोजली.

गाणाऱ्याला आधी ऐकून मग निवडायचं, ही काही रेडिओनं काढलेली टूम नव्हे. आपल्या संगीत नाटक मंडळ्या पूर्वीपासून तेच करत होत्या. १९०१ साली भाऊराव कोल्हटकर गेले आणि किर्लोस्कर मंडळीला त्यांच्या जागी गाता गळा हवा होता. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा त्या मंडळीत आला. तेच आपले बालगंधर्व. मंडळीचे मालक पोराला समोर बसवून गायला लावत, तेव्हा ते नुसता गळा ऐकत नसत. चेहरा पाहत, चण पाहत, लुगडं नेसवलं तर शोभेल का, तेही पाहत. तेव्हा आजकाल आवाजाबरोबर रूपही बघतात म्हणून टीव्हीला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की रंगभूमीनं ते शंभर वर्षांपूर्वी केलं आहे. आणि त्यात वावगं काही नव्हतं. नाटकाला नट हवा होता आणि ते तसं उघड सांगून निवडत होते.

रूप बाजूला ठेवलं ते रेडिओनं. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्राचं उद्घाटन झालं. १९३६ साली सरकारी नभोवाणीला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळालं. गायक कुठे बसला आहे, त्यानं काय नेसलं आहे, तो काळा की गोरा, हे काहीही न कळता घराघरात त्याचं गाणं ऐकू येऊ लागलं. १६ डिसेंबर १९४१ रोजी बारा वर्षांची एक मुलगी पहिल्यांदा रेडिओवर गायली. घरी तिचे वडील, मास्टर दीनानाथ, ते ऐकत होते. पुढे चारच महिन्यांनी दीनानाथ गेले. त्या मुलीचं नाव लता मंगेशकर, हे तुम्हाला सांगायला नको.

रेडिओच्या पहिल्या पंचवीस वर्षांत कलाकार निवडण्याची एकसारखी पद्धत नव्हती. केंद्रावरच्या अधिकाऱ्यांना जो पसंत, त्याला बोलावणं जाई. त्यात ओळखीपाळखी आल्या, उस्तादांच्या शिफारशी आल्या. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. केसकर पुण्याचे. अभिजात संगीतावर त्यांची श्रद्धा आणि सिनेसंगीतावर राग. त्यांनी रेडिओवरची सिनेमाची गाणी कमी केली, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि ठरवलं, की रेडिओवर गाणाऱ्या प्रत्येकाची रीतसर परीक्षा व्हावी. या कामी त्यांनी पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांना पुढे केलं. रातंजनकर मुंबईचे, भातखंडे यांचे शिष्य, फैयाझ खाँसाहेबांकडे शिकलेले आणि लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य. त्यांच्या विद्वत्तेबद्दल कुणाला शंका नव्हती.

तरीही केवढा गहजब झाला! वीसवीस, तीसतीस वर्षं मैफली गाजवलेल्या कलाकारांना पुन्हा परीक्षेला बसायचं निमंत्रण. घराण्यात जन्मलेल्या, वाडवडिलांकडून विद्या घेतलेल्या गवयांना वाटलं, पोथीतलं शास्त्र जाणणारे लोक आता आमचं गाणं तपासणार? निषेध झाले, बहिष्काराची भाषा झाली. त्या रागात काही खोटं नव्हतं. जो गवई रागाचं नाव न घेता राग उभा करतो, त्याला परीक्षेच्या चौकटीत कसं बसवायचं, हा प्रश्न खराच होता. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी होती. जिल्ह्याच्या गावातल्या मास्तरांच्या मुलीला, जिच्या मागे ना घराणं ना शिफारस, तिला या पद्धतीनं पहिल्यांदाच दार उघडं झालं. अर्ज करायचा, बोलावणं आलं की जायचं, गायचं.

पद्धतीचा गाभा होता पडदा. गाणारा एकीकडे, ऐकणारे दुसरीकडे. त्यांनी त्याला पाहायचं नाही. गाण्यावरून श्रेणी ठरायची : बी, बी-हाय, ए आणि सगळ्यात वर टॉप. ही श्रेणी कलाकाराच्या नावामागे पदवीसारखी लागू लागली. आजही लग्नपत्रिकेइतक्याच अभिमानानं कार्यक्रमपत्रिकेवर ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त कलाकार’ असं छापतात, ते उगीच नव्हे.

१९७४ साली मी बावीस वर्षांचा होतो. सुगम संगीतासाठी अर्ज केला होता. गाण्यांची यादी आधी पाठवली होती. बोलावणं आलं तेव्हा गुरुजींनी स्वतःचा कोट मला घालायला दिला. मी म्हटलं, ‘‘गुरुजी, तिथं मला कोण पाहणार आहे?’’ ते म्हणाले, ‘‘अरे, तू स्वतःला पाहशील ना!’’

आत गेलो तर गालिचा अंथरलेली खोली. भिंतींना भोकाभोकांचे पुठ्ठे. समोर जाड काच, काचेपलीकडे एक तंत्रज्ञ. तबलजींनी माझा सूर विचारून तबला लावला. ऐकणारी मंडळी कुठल्या तरी दुसऱ्या खोलीत होती. मला त्यांची नावं ठाऊक नव्हती, त्यांना माझं. कोपऱ्यातल्या स्पीकरमधून आवाज आला, ‘‘यादीतलं तिसरं गाणं म्हणा.’’ लाल दिवा लागला. मी गायलो. पहिलं कडवं झाल्यावर आवाज आला, ‘‘ठीक आहे. आता सहावं.’’ तेही अर्ध्यात थांबवलं. ‘‘धन्यवाद.’’ संपलं. अकरा मिनिटं. कुणी हसलं नाही, कुणी मान डोलावली नाही. भिंतीपुढे गावं तसं गाणं झालं.

दीड-दोन महिन्यांनी पाकीट आलं. छापील चार ओळींचं पत्र : आपली निवड करता येत नाही, याबद्दल दिलगीर आहोत. का नाही, ते लिहिलेलं नव्हतं. सूर कमी पडला? उच्चार? की गाण्यांची निवडच चुकली? विचारायचं कुणाला? पडद्यामागच्याला चेहरा नसतो, तसं उत्तरही नसतं. मी ते पत्र ट्रंकेत टाकलं आणि तीन वर्षं तंबोऱ्याला हात लावला नाही. आई अधूनमधून त्याच्यावरची धूळ पुसायची, बोलायची काही नाही. पुढे गुरुजींनी जवळजवळ दरडावून पुन्हा अर्ज करायला लावला. १९७८ साली मला बी श्रेणी मिळाली. पहिल्यांदा का पडलो आणि दुसऱ्यांदा का पास झालो, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

म्हणजे पडद्याची पद्धत निर्दोष होती, असं मी म्हणणार नाही. पण तिच्यात एक गोष्ट होती. माझी फजिती फक्त मला आणि पोस्टमनला ठाऊक होती.

आता गंमत पाहा. ज्या १९५२ साली केसकरांनी ही परीक्षा आणली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दिल्लीच्या रेडिओनं सिनेमाची गाणी कमी केली आणि श्रोत्यांनी काटा फिरवून सिलोन लावलं. गीतमालेत लवकरच गाण्यांना पायऱ्या आल्या. कुठलं गाणं कितव्या ‘पायदान’वर, हे रेकॉर्डची विक्री आणि श्रोत्यांची पत्रं यांवरून ठरू लागलं. गावोगावी श्रोता संघ निघाले. बुधवारी रात्री वरच्या गाण्याचं नाव ऐकायला लोक हॉटेलाबाहेर उभे राहत. एकीकडे जाणकाराचा कान, दुसरीकडे जनतेचा कौल. दोन्ही एकाच वर्षी, एकमेकांकडे पाठ करून जन्माला आले. पुढे पन्नास वर्षांनी टीव्हीनं या दोघांना एका मंचावर आणून बसवलं : परीक्षकाचे गुण आणि प्रेक्षकांचे एसएमएस.

मधल्या काळात स्पर्धा होत होत्या, आणि चांगल्या होत होत्या. रेडिओचे सेट बनवणाऱ्या मर्फी कंपनीच्या नावानं ‘मेट्रो-मर्फी’ स्पर्धा झाली. १९५७ साली ती महेंद्र कपूर यांनी जिंकली. नौशाद, सी. रामचंद्र यांच्यासारखे संगीतकार परीक्षक होते. १९५९ च्या ‘नवरंग’मध्ये सी. रामचंद्रांनी त्यांना गायला घेतलं. मुंबईच्या सूरसिंगार संसदेच्या स्पर्धेतून १९७६ साली सुरेश वाडकर पुढे आले, पुढच्या वर्षी हरिहरन. संगीतकार जयदेव यांनी दोघांनाही १९७८ च्या ‘गमन’मध्ये गाणी दिली. या स्पर्धांचं वैशिष्ट्य काय? तिथं ऐकणारा माणूस काम देणारा होता. त्याला आपल्या चालीसाठी आवाज हवा होता. निवड चुकली तर त्याचंच गाणं पडणार होतं.

काम देणाऱ्यांचे कानही चुकत, बरं का. संगीतकार गुलाम हैदर यांनी लताबाईंना निर्माते शशधर मुखर्जींकडे नेलं, तेव्हा मुखर्जींनी हा आवाज फार पातळ आहे म्हणून नकार दिला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. हैदरसाहेबांनी चिडून १९४८ च्या ‘मजबूर’मध्ये त्यांनाच गायला लावलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन आलं. पण गाण्याची स्पर्धा आणि टीव्ही यांची खरी सांगड बसली ती १९९५ साली, झी टीव्हीवरच्या ‘सा रे ग म’पासून. सोनू निगम सूत्रसंचालन करायचे. परीक्षकांच्या खुर्चीत बुजुर्ग गवई आणि संगीतकार बसायचे. स्पर्धक पायात मोजे घालून, हात जोडून उभा राहायचा आणि परीक्षक त्याला ‘इथं निषाद जरा चढा लागला’ असं सांगायचे. संजीवनी भेलांडे, बेला शेंडे ही आपल्याकडची नावं त्याच मंचावरून घरोघरी पोचली. श्रेया घोषाल लहानपणी तिथंच गायली. तिथं तिला ऐकूनच पुढे २००२ च्या ‘देवदास’साठी संजय लीला भन्साळींनी तिला बोलावलं. दूरदर्शनवरच्या ‘मेरी आवाज सुनो’मधून सुनिधी चौहान आली तीही याच सुमाराला. या कार्यक्रमांसाठीही प्राथमिक चाचण्या व्हायच्याच. पण त्या आपल्याला दिसायच्या नाहीत. आपण पाहायचो ती निवडून आलेली मंडळी. नापास झालेला मुलगा गुपचूप घरी जायचा, माझ्यासारखाच.

हा आडपडदा गेला तो विलायतेहून आलेल्या एका कल्पनेनं. २००१ साली ब्रिटनमध्ये सायमन फुलर यांनी ‘पॉप आयडॉल’ आणलं. २००२ मध्ये अमेरिकेत ‘अमेरिकन आयडॉल’ आलं आणि ऑक्टोबर २००४ मध्ये सोनी वाहिनीवर आपलं ‘इंडियन आयडॉल’. यातली नवी गोष्ट कोणती होती? प्रेक्षकांचं मतदान, असं बरेच जण म्हणतील. पण मला वाटतं, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ऑडिशन हाच कार्यक्रम झाला. पहिले काही भाग नुसत्या चाचण्यांचेच. लांबच लांब रांगा, रडणारी पोरं, उड्या मारणारे आईबाप आणि परीक्षकांचे टोमणे. अमेरिकेत २००४ साली विल्यम हंग नावाचा एक विद्यार्थी बेसूर गाऊन नापास झाला आणि त्या नापास होण्यानंच जगभर प्रसिद्ध झाला.

इथं जरा थांबून विचार करा. परीक्षक म्हणून जे तीन प्रसिद्ध चेहरे आपण पडद्यावर पाहतो, ते हजारो मुलांना ऐकूच शकत नाहीत. दिवसाला किती ऐकणार? म्हणजे त्यांच्यापर्यंत जाण्याआधी दोनतीन चाळण्या झालेल्या असतात आणि त्या कार्यक्रम तयार करणारी मंडळी लावतात. मग इतका बेसूर मुलगा त्या चाळण्यांतून वर गेला कसा? चुकून नव्हे. त्याला वर पाठवलेलं असतं. या चाळणीत दोन टोकं अडकतात : फार चांगलं गाणारी आणि फार वाईट गाणारी. खाली गळून पडतात ती मधली. सुरेल, मेहनती, साधी मुलं. माझ्या पुतणीसारखी.

पुण्याच्या त्या शाळेत दुपारी साडेतीनला तिचा नंबर लागला. एका वर्गात पाचपाच जणांना एकदम घेत होते. टेबलामागे एक तरुण आणि एक तरुणी. तंबोरा नाही, पेटी नाही, तबला नाही. नंबर पुकारला की एक पाऊल पुढे यायचं आणि कुठल्याही सुरात सुरू करायचं. प्रत्येकाला अर्धापाऊण मिनिट. हे सगळं तिनंच मला नंतर सांगितलं, कारण पालकांना आत सोडत नव्हते. पहाटेपासून उभं राहून, तीनदा ओरडून, वडापाव खाऊन लागलेल्या गळ्यानं पाऊण मिनिटात जे होईल ते गाणं. तरी ती त्या पाचांतून निवडली गेली. आम्ही दोघंही हरखून गेलो.

दुसरी फेरी संध्याकाळी सातला. या वेळी वेगळी मंडळी, आणि समोर एक छोटा कॅमेरा. तिनं एक नाट्यपद म्हटलं, एक सिनेमाचं गाणं. मग गप्पा. घरी कोण कोण असतं? बाबा काय करतात? सरकारी नोकरी, ती म्हणाली. गाण्याला घरून विरोध होता का? नाही, सगळ्यांनी पाठिंबाच दिला. गाण्यासाठी काही सोडावं लागलं का? आठवत नाही. शेवटी त्यातली एक ताई अगदी प्रेमानं म्हणाली, ‘‘बघ, आठवून सांग. काहीतरी वेगळं असेलच ना तुझ्याकडे?’’

पुतणी म्हणाली, ‘‘नाही हो. मी फक्त गाते.’’

तिला पुढे बोलावलं नाही. परतीच्या गाडीत साताऱ्यापर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘काका, माझ्या बाबांची नोकरी असायला नको होती का?’’ मला त्यावर काय बोलावं सुचेना.

ती ताई वाईट नव्हती, हे मला आवर्जून सांगायचं आहे. तिचं काम कार्यक्रम उभा करण्याचं होतं. आठवड्यातून दोन रात्री लाखो लोकांनी दुसरी वाहिनी लावू नये, यासाठी गाण्याबरोबर माणसाची गोष्टही लागते. ‘इंडियन आयडॉल’च्या पहिल्या पर्वात मार्च २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत जिंकला, तेव्हा लोकांना आपल्या चाळीतला मुलगा जिंकल्यासारखं वाटलं होतं. २००७ साली कोलकात्याच्या पोलिस दलातला प्रशांत तमांग जिंकला. त्याच्यामागे दार्जिलिंगच्या डोंगरातला गोरखा समाज असा काही उभा राहिला, की त्या मतांच्या मोहिमेतून तिथल्या राजकारणाला नवं वळण लागलं. लोक मतं देत होते ती नुसत्या गळ्याला नव्हे. आपल्याकडेही २००९ च्या फेब्रुवारीत आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. तिच्याबरोबर आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत, पुण्याची आर्या आंबेकर ही पाचही मुलं घरातलीच झाली. आपण त्यांची गाणी ऐकत होतो आणि त्यांच्या गावांवर, बोलण्यावर, हसण्यावर प्रेमही करत होतो. ती मुलं मुळात उत्तम गात होती, म्हणून सगळं जमून आलं. पण त्यांना पाहून पुढच्या वर्षी रांगेत उभ्या राहिलेल्या हजारोंना वाटलं, नुसतं गाता आलं की झालं.

इथं माझी चूक होती. मी संगीत शिकवणारा माणूस. मी तिला सूर, ताल, दम सगळं घोटून दिलं. पण तिथली परीक्षा वेगळी आहे, एवढं साधं सांगितलं नाही. नाटक मंडळीला नट हवा होता, रेडिओला आवाज हवा होता, जयदेवांना गाण्यासाठी गळा हवा होता आणि वाहिनीला कार्यक्रमासाठी पात्र हवं होतं. प्रत्येकानं आपल्याला हवं ते निवडलं. त्या नकाराचा अर्थ ‘तुला गाता येत नाही’ असा नव्हताच. पण एकोणीस वर्षांच्या मुलीला तो तसाच ऐकू येतो. मला बावीसाव्या वर्षी ऐकू आला होता.

पुतणीनं गाणं बंद केलं. वहिनींनी मला दोष दिला नाही, पण माझ्यासमोर तो विषय काढणंही सोडून दिलं. गणपतीत आरतीलाही ती ओठ हलवायची, आवाज काढायची नाही. वर्ष-सव्वा वर्ष असं गेलं. शेवटी एका दुपारी मी ट्रंक उघडली आणि ते १९७४ सालचं छापील पत्र तिच्या हातात दिलं. घरात कुणालाही मी ते कधी दाखवलं नव्हतं. माझी बायकोसुद्धा तेव्हाच पहिल्यांदा पाहत होती. सगळ्यांना वाटायचं, काका पहिल्या झटक्यात रेडिओवर गेले. आणि मीही तसंच वाटू दिलं होतं.

तिनं पत्र दोनदा वाचलं. मग विचारलं, ‘‘तीन वर्षं गायला नाहीत?’’ मी म्हटलं, ‘‘तीन वर्षं नाही आणि ती परत मिळालीही नाहीत. तू तेवढी घालवू नकोस.’’

पुढच्या काळात मी तिला बऱ्याच गोष्टी सांगितल्या. अरिजित सिंग २००५ साली ‘फेम गुरुकुल’मधून विजेतेपदाच्या आधीच बाहेर पडला होता. नेहा कक्कर ‘इंडियन आयडॉल’च्या दुसऱ्या पर्वातून बाद झाली आणि पुढे त्याच कार्यक्रमात परीक्षक म्हणून बसली. अमेरिकेतली जेनिफर हडसन २००४ मध्ये सातवी आली आणि २००७ साली तिला अभिनयाचं ऑस्कर मिळालं. पण या गोष्टींचा फारसा उपयोग होत नाही, असा माझा अनुभव आहे. त्याही शेवटी जिंकलेल्यांच्याच गोष्टी. मुलांना आधार वाटतो तो घरातल्या हरलेल्या माणसाचा.

म्हणून ज्या आईबाबांना आपल्या मुलाला अशा चाचणीला न्यायचं असेल, त्यांना मी एवढंच सांगेन. जरूर न्या. त्या रांगेतही एक मजा असते आणि तिथून खरोखर काही मुलं पुढे जातात. आता तर २०२० च्या महासाथीपासून पुष्कळदा पहिली फेरी घरबसल्या मोबाइलवर गाणं पाठवूनच होते. पण निघण्यापूर्वी मुलाला सांगा, तिथं काय तपासतात. सांगा, की पाऊण मिनिटात दहा वर्षांची विद्या मावत नाही. सांगा, की घरातलं दुःख मागितलं तर ते द्यायचं की नाही, हे त्यानं स्वतः ठरवायचं आहे. आणि परतीच्या प्रवासात ते गप्प बसलं, तर तुमचं स्वतःचं एखादं ट्रंकेतलं पत्र त्याला दाखवा. प्रत्येकाकडे असतंच.

पुतणी आज पस्तिशीची आहे. एका शाळेत संगीत शिकवते. २०१३ साली तिनं रेडिओची ऑडिशन दिली, तेव्हा मी बरोबर गेलो नाही. तिनंच नको म्हटलं. तिला पहिल्याच प्रयत्नात बी-हाय मिळाली, माझ्यापेक्षा एक पायरी वर. पत्र आलं त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली, पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, ‘‘काका, हेही ट्रंकेत ठेवा. त्या दुसऱ्याच्या शेजारी.’’

दोन्ही पत्रं तिथंच आहेत. तिचे विद्यार्थी आता स्पर्धांना जातात. जाण्यापूर्वी ती त्यांना घेऊन आमच्या घरी येते आणि मला ट्रंक उघडायला लावते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)